सहा सूत म्हणजे वीस

जावयाला काम कसं सांगायचं, हे दौलत पालवला कधीच कळलं नव्हतं. स्वप्नील घरी आला की दौलत घाईघाईने बनियनवर सदरा चढवायचा, पंख्याखालची एकुलती एक खुर्ची त्याला द्यायचा आणि आपण चौसष्टाव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनिशी पाटावर बसायचा. बोलणं सगळं ‘अहो स्वप्नीलराव’मध्ये. स्वप्नीलही काही कमी नव्हता. बदलापूरहून निघतानाच त्याच्या आईने बजावलेलं असायचं, की सासऱ्यापुढे आवाज चढवायचा नाही, उलट बोलायचं नाही आणि ताटात पडेल ते गपगुमान खायचं. त्यामुळे काळाचौकीच्या त्या दोन खोल्यांत सासरा-जावई समोरासमोर बसून एकमेकांना फक्त एवढंच सांगायचे, की यंदा उकाडा जास्त आहे. श्रेया, म्हणजे दौलतची मुलगी आणि स्वप्नीलची बायको, आतून ओरडायची, "अरे, लग्न होऊन दोन वर्षं झाली, आता तरी बैठक संपवा!" त्यावर दोघं अदबीने हसायचे.

मानपान काही वाईट नसतो. पण तो पाटावर आणि पंगतीत ठेवावा, टांगलेल्या वजनाखाली नेऊ नये. दौलतने नेला, आणि त्यापायी यंदाच्या शिमग्यात त्याच्या जिवावर बेतलं.

दौलतचा धंदा अवजड माल उचलून जागेवर बसवण्याचा. पूर्वी गिरणीत, मग गोदीत आणि गेली कित्येक वर्षं स्वतःची माणसं घेऊन तो हे रिगिंगचं काम करत होता. लेथ असो, तिजोरी असो, नव्या टॉवरच्या लिफ्टची मोटर असो. चेनकप्पी लावायची, साखळी ओढायची आणि आठ-दहा माणसांना न हलणारी वस्तू एकट्याच्या हाताने हवेत उचलायची. त्याची हत्यारं रे रोडच्या एका शेडमध्ये दोन लोखंडी पेट्यांत असत. पेट्यांमधला निम्मा माल साहेबाच्या काळचा, इंचात मोजलेला. बाहेरची दुनिया केव्हाच मिलिमीटरवर गेली होती. दौलत या दोन्ही दुनियांमध्ये दिवसभर येजा करायचा आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

चिंचपोकळीच्या चहावाल्याकडे लोक त्याची गंमत म्हणून परीक्षा घेत. "मामा, साडेसात फूट?" कपातून तोंडही न काढता दौलत सांगायचा, "दोन हजार दोनशे शहाऐंशी मिलिमीटर." "वीस हंड्रेडवेट?" "एक हजार सोळा किलो. वरचे सोळा विसरू नको, ते डोक्यावर पडले तरी माणूस जातो." एवढं बोलून तो इकडेतिकडे बघायचा, कोण कोण ऐकतंय ते.

पण याच डोक्यात एक बाजारी हिशेबही मुक्कामाला होता. इंचाचे आठ सूत. लोखंडबाजारात सळई मागायला गेलं, की तीन सूत म्हणजे दहा मिलिमीटर, चार सूत म्हणजे बारा, पाच म्हणजे सोळा आणि सहा सूत म्हणजे वीस. मोजायला बसलं तर यातलं एकही नेमकं जुळत नाही. कुठे सूत भरतं जास्त, कुठे मिलिमीटर. पण सळई एकदा काँक्रीटमध्ये गेली, की तिला कोण विचारतो? गवंडी, ठेकेदार, दुकानदार, सगळे या हिशेबावर सुखाने जगतात. दौलतही जगत होता.

शिमगा आला तशी दौलतची माणसं कोकणात पांगली. पालखी नाचवायची असली की कोकणी माणूस मुंबईत थांबत नाही, मग तिकडे मालकाचं जहाज का बुडेना. त्याचा उजवा हात असलेला दगडू आठवडाभर आधीच गेला होता. दौलतही जायचा, पण त्याने कालिंदीबाईंना शब्द दिला होता.

कालिंदी परब लालबागमध्ये मसाला कांडून देत. त्यांचा नवरा आणि दौलत गिरणीतले दोस्त. दोस्त गेला, जुनी चाळ पडली, नवी इमारत उभी राहिली आणि बाईंना खाली रस्त्यालगत नवा गाळा मिळाला. गाळ्यासाठी त्यांनी कोल्हापूरकडच्या एका कारखान्यातून चार मुसळांचं नवंकोरं कांडप यंत्र मागवलं. ते नेमकं होळीच्या तोंडावर आलं. होळी झाली की मसाल्याचा हंगाम सुरू. बायका मिरच्या वाळवून, भाजून पिशव्या घेऊन रांगा लावणार, आणि यंत्र मात्र दारात ताडपत्रीखाली.

"दौलतभाऊ, माका मेल्याहून मेल्यासारखा झाला हा," कालिंदीबाई फोनवर म्हणाल्या. "गिऱ्हाईक समोरच्या गाळ्यात गेला, तर परत येवचा नाय."

"वैनी, उद्या बसवतो. माणूस नसला तर मी एकटा बसवतो."

हे सगळं घरात ऐकू जात होतं. सणासाठी श्रेया आणि स्वप्नील आलेले होते. स्वप्नील एका बिल्डरकडे सळईच्या कामावर सुपरवायझर. मजूर होळीला गावी गेल्यामुळे साइट बंद. तो खुर्चीवरून अर्धा उठून म्हणाला, "मामा, मी येऊ का मदतीला?"

दौलतला ठसकाच लागला. जावयाने साखळी ओढायची? लोक काय म्हणतील? पण श्रेयाने निकाल लावला. "न्या हो बाबा. दोन दिवस नुसता लोळतोय." दौलतची बायको रखमा दाराआडून नवऱ्याला खुणा करत राहिली, की जड काही उचलायला लावू नका.

सकाळी दोघं लालबागला पोचले. गल्लीत शिरताच स्वप्नीलला ज्या शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. दोन्ही बाजूंना मिरच्या भाजल्या जात होत्या आणि हवाच तिखट झाली होती. कालिंदीबाईंनी त्याच्या तोंडाला ओला रुमाल बांधला. यंत्र आणणाऱ्या टेंपोवाल्यांनी ते पाइपांवरून घरंगळत आत आणून ठेवलं होतं. आता ते छताच्या गर्डरला चेनकप्पी लावून उचलायचं, काँक्रीटच्या चौथऱ्यावर न्यायचं, खाली चार रबरी पॅड सरकवायचे आणि अलगद सोडायचं. पॅड हवेतच, नाहीतर मुसळं चालू झाली की वरच्या मजल्यावरची भांडी नाचणार.

दौलतने कारखान्याची पट्टी वाचली. वजन आठशे किलो. कप्पी वीस हंड्रेडवेटची, म्हणजे आरामात उचलेल. यंत्राच्या वरच्या तुळईला आयबोल्टसाठी दोन आटे पाडलेली भोकं होती. आयबोल्ट म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट. तो भोकात पिळायचा आणि कडीत साखळी अडकवायची. भोकं होती वीस मिलिमीटरची.

"वीस म्हणजे सहा सूत," दौलत म्हणाला आणि पेटीतून दोन आयबोल्ट काढले. काळे कुळकुळीत, घडीव लोखंडाचे, विलायती छाप असलेले. गिरणी बंद पडली तेव्हापासून त्याने ते तेल लावून फडक्यात जपले होते. चूक झाली ती इथे, भर दिवसा, सगळ्यांसमोर, आणि कुणालाही दिसली नाही.

एरवी आयबोल्ट दौलत स्वतः पिळायचा. पण जावयाला काहीतरी काम द्यायला हवं, आणि तेही हलकं, कपडे न मळवणारं. "स्वप्नीलराव, हे दोन तेवढे बसवता? तुमच्या सवडीने," तो म्हणाला.

स्वप्नील स्टुलावर चढला. बोल्ट भोकात सहज गेले, बोटांनीच फिरत फिरत तळापर्यंत गेले. जरा जास्तच सहज. त्याने कडी धरून हलवली, तर ती किंचित डुगडुगली. त्याने रुमालाआडून विचारलं, "मामा, हे असं थोडं सैलच असतं का?"

"सहा सूत म्हणजे वीस. तुमच्या साइटवरही हेच ना?"

"हो मामा. वीसची सळई म्हणजे सहा सूतच."

"मग झालं तर."

स्वप्नील स्टुलावरून उतरला. आता एवढ्या जुन्या, फडक्यात जपलेल्या बोल्टांना सासऱ्यासमोर नावं कोण ठेवणार? आणि दौलत? प्रत्येक उचलीआधी प्रत्येक बोल्टला स्वतःचा हात लावायचा हा त्याचा नेम. दगडूने बसवला असता तरी त्याने हलवून पाहिला असता, वर दोन शिव्याही घातल्या असत्या. आजही त्याचा हात अर्ध्यावर गेला होता. पण जावयाने केलेलं काम जावयासमोर तपासायचं म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगण्यासारखं. त्याने हात मागे घेतला आणि सदऱ्याला पुसला.

साखळी त्याने स्वतः ओढली. स्वप्नीलकडे बाजूचा दोर, यंत्र डोलू नये म्हणून ताणून धरायचा. कडकड करत यंत्र जमिनीवरून सुटलं, हातभर वर गेलं, गर्डरवरून सरकत चौथऱ्याच्या वर आलं. कालिंदीबाई दारात उभ्या राहून हात जोडत होत्या. सगळं कसं बेस्ट चाललं होतं.

आता पॅड. टांगलेल्या मालाखाली कुणी शरीराचा कुठलाही भाग न्यायचा नाही, हे दौलत जन्मभर प्रत्येक पोराला बजावत आला होता. पॅड सरकवायला दगडू लांब काठी वापरायचा. काठी रे रोडला राहिली होती. एक मिनिटाचं तर काम, म्हणून दौलत गुडघ्यावर बसला, वाकला आणि डोकं, खांदा आणि उजवा हात घेऊन यंत्राखाली शिरला.

वर स्वप्नीलची नजर कडीवर होती. डावीकडची कडी आता तिरकी झाली होती. मघाशी तळाला टेकलेल्या बोल्टाचा एक आटा बाहेर दिसत होता आणि त्याच्याभोवती चांदीसारखा चकचकीत चुरा जमत होता. त्याच्या बघता बघता दुसरा आटा बाहेर आला.

"मामा, मी काय म्हणत होतो..." तो म्हणाला.

"बोलू हं सावकाश, स्वप्नीलराव," खालून आवाज आला.

"नाही, म्हणजे मामा, तुम्हाला वेळ असेल तर जरा..."

"झालंच. दोन राहिले."

चुऱ्याचा एक कण गळून दौलतच्या पाठीवर पडला. त्याला कळलंही नाही. स्वप्नीलने तोंडावरचा रुमाल ओढून काढला आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "ए म्हाताऱ्या! हो बाहेर! मरतोस का साल्या?"

दौलतला कशाचाही अर्थ लागला नाही. एवढंच कळलं, की आपल्याला कुणीतरी म्हातारा म्हणालं, वर साल्या म्हणालं, आणि तो आवाज जावयाचा होता. काळाचौकीत, गिरणीत, गोदीत, आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती. रागाने त्याच्या अंगाचा भडका उडाला. हा शहाणा आहे तरी कसा ते बघायला तो सर्रकन बाहेर आला, मान वर केली, तोंड उघडलं.

आणि त्याच्यामागे यंत्राची डावी बाजू धाडकन खाली आली.

चौथऱ्याचा कोपरा उडाला. गाळ्याच्या भिंती हादरल्या. उजव्या बोल्टाने कसाबसा भार धरून ठेवला आणि यंत्र एका अंगावर कललेलं तसंच लटकत राहिलं. ज्या पॅडवर क्षणापूर्वी दौलतचा पंजा होता, ते पॅड कोपऱ्याखाली चिरडून दोन तुकडे झालं होतं. वाटेत जे जे आलं असतं, त्याचंही तेच झालं असतं.

दौलत जमिनीवर बसला होता तसाच बसून राहिला. त्याने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. बोटं मुडपली, उघडली, पुन्हा मुडपली. मग मानेवरून हात फिरवला. मान होती. तेवढ्यात मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि त्याला सणसणीत शिंक आली, आणि त्या शिंकेचंसुद्धा त्याला अप्रूप वाटलं.

पहिल्यांदा बोलला तो स्वप्नील. त्याने दोर खांबाला बांधला होता. "मामा, माफ करा. माझ्या तोंडून तसं जायला नको होतं. खरंच चुकलो."

दौलत त्याच्याकडे बघत राहिला. जीव वाचवला आणि वर माफी मागतोय! त्याला हसू फुटलं. हसता हसता ते आवरेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते हसण्याचं आहे की रडण्याचं, हे त्याचं त्यालाही कळेना. कालिंदीबाईंनी त्याला पाणी पाजलं. स्वप्नील त्याच्याशेजारी जमिनीवरच टेकला. दोन वर्षांत पहिल्यांदा दोघं एका पातळीवर बसले होते.

"तुम्हाला कधी कळलं?" दौलतने विचारलं.

"बसवतानाच. हातालाच सैल लागला होता. पण तुमचे बोल्ट, तुम्ही इतके जपलेले. मला वाटलं, मी कोण सांगणारा?"

"आणि मी हात लावून बघितला नाही. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

एकमेकांचा मान राखता राखता आपण काय करून बसलो होतो, ते समोरच लटकत होतं.

यंत्राखाली ठोकळे रचून, कप्पी सोडून त्यांनी ते आधी सुखरूप टेकवलं. निसटलेला बोल्ट दौलतने तळहातावर घेतला. त्याचे आटे माथ्याला सोलले गेले होते. स्वप्नीलच्या पिशवीत साइटवरचा व्हर्निअर होता. मोजलं तर एकोणीस मिलिमीटर आणि केसभर वर.

"एकोणीस," स्वप्नील म्हणाला. "भोक वीसचं."

"सहा सूत म्हणजे एकोणीसच," दौलत हळूच म्हणाला. "पाऊण इंच. एकोणीस पूर्णांक शून्य पाच. हे मला शाळकरी वयापासून पाठ आहे रे देवा! चहाच्या टपरीवर झोपेत विचारलं असतं, तरी सांगितलं असतं." आणि तरी हात पेटीकडे गेला, तेव्हा तोंडात आला तो सळईचा हिशेब. त्यात सहा सूत आणि वीस मिलिमीटर, दोन्ही मापांच्या बोल्टांच्या आट्यांमधलं अंतरही जवळजवळ सारखं, म्हणून सहा सुती बोल्ट परक्या भोकातही घरच्यासारखा शिरला. अडला असता तर बरं झालं असतं. सळईला कुणी पिळत नाही, तिच्यावर कुणी टांगत नाही. तिला एक मिलिमीटर माफ असतो. इथे त्या एका मिलिमीटरवर आठशे किलो होते.

स्वप्नील टॅक्सी करून नागदेवीच्या हत्यारबाजारात गेला, खरे वीसचे आयबोल्ट आणायला. दौलत गाळ्याच्या पायरीवर बसला. समोरून मिरच्यांची पोती चालली होती, कुणी भावावरून भांडत होतं, एक बाई मिरच्यांत धणे किती घालायचे यावर सुनेला ऐकवत होती. रोजचीच गल्ली. पण दौलतला वाटलं, हे सगळं मघाशी आपल्यावाचूनही असंच चालू राहिलं असतं, आणि आपल्याला ते आणखी एकदा बघायला मिळतंय. केवढी ही मेहेरबानी! त्याने रखमाला फोन लावला.

"जेवलीस?"

चाळीस वर्षांत नवऱ्याने कामावरून फोन करून हे विचारलं नव्हतं. "काय झालं?" रखमा म्हणाली.

"काही नाही. जावई भला आहे आपला."

"ते मला माहीत आहे. जड उचलायला नाही ना लावलंत?"

"नाही," दौलत म्हणाला. "त्यानेच मला उचललं." आणि रखमा पुढचं विचारायच्या आत त्याने फोन ठेवला.

कालिंदीबाई शेजारी येऊन बसल्या. "यंत्राचा कोपरा जरासा चेपला हा," त्या म्हणाल्या. "चेपू दे. तुमका काय झाला असता तर मी रखमेक काय तोंड दाखवलंय असतंय?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण जावई ओरडलो बाकी झक्कास हां! समोरच्या गाळ्यातली गिऱ्हायका बघूक इली."

"वैनी, तो ‘मामा, जरा बाहेर येता का’ म्हणाला असता ना, तर मी खालूनच म्हटलं असतं, हो, आलोच. दोनदा म्हटलंही." दौलतने मान हलवली. "म्हातारा म्हणाला म्हणून वाचलो. कुणी चांगलं बोललं म्हणून भलं झाल्याचं ऐकलं होतं. हे नवीनच."

स्वप्नील नवे बोल्ट घेऊन आला. त्याने त्यांच्यावरचे आकडे आधी स्वतः वाचले, मग व्हर्निअरने मोजले, मग दौलतपुढे धरले. दौलतने चष्मा लावून पुन्हा मोजले. बोल्ट पिळताना या वेळी पाना लागला, जोर लागला, आणि बोल्ट बसला तो भिंतीसारखा. स्वप्नील खाली उतरला आणि दौलत त्याच्यादेखत स्टुलावर चढला. दोन्ही कड्यांना हात घालून त्याने अख्ख्या अंगाचा हिसका दिला. स्वप्नीलच्या कपाळाला आठी पडली नाही. उलट तो म्हणाला, "मामा, उजवीकडची परत एकदा बघा." दौलतने बघितली. पॅड सरकवायला शेजारच्या गाळ्यातून लांब बांबू आला.

साखळीला हात घालणार, एवढ्यात कालिंदीबाई आडव्या आल्या. "असा नाय. आधी नारळ ठेवूक होयो. दौलतभाऊ, गाऱ्हाणा घाला."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने सांगणं: बाबा रे, हे असं झालं आहे, तू बघून घे. एकाने सांगायचं आणि जमलेल्यांनी होकार भरायचा. दौलत गावाला पालखीपुढे ते ऐकत आला होता, स्वतः कधी घातलं नव्हतं. त्याने चौथऱ्यावर नारळ ठेवला, हात जोडले. आजूबाजूच्या गाळ्यांतली चार कोकणी माणसं आपसूक आत येऊन उभी राहिली. बदलापूरच्या स्वप्नीलला यातलं काही ठाऊक नव्हतं. तोही हात जोडून कडेला उभा राहिला.

"बा रवळनाथा म्हाराजा!" दौलतने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" गाळा घुमला.

"आज जो काय कालिंदीवैनीन नारळ ठेवल्यान हा, तो गोड मानून घे, तिच्या धंद्याक बरकत दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकराक आपल्या हिशेबाचो लय गर्व होतो. त्या गर्वात तेणा एकोणीसाचे वीस केल्यान, ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लेकराची मान लोखंडाखाली होती, तेव्हा तू जावयाच्या तोंडात येवन बसलंस. तुझे उपकार फिटाचे नाय. आणि तेचेही फिटाचे नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कालिंदीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

दौलत थांबला. आता सगळ्यांना वाटलं, संपलं. एकाने नारळाला हातही घातला. पण दौलतला अजून मागायचं होतं. त्याने डोळे उघडले आणि देवाकडे न बघता सरळ स्वप्नीलकडे बघत म्हणाला, "ह्यो म्हातारो परत कधी नको थंय मान घालीत, तर ह्या माझ्या झिलाक अशीच बुद्धी दी. तेका गप ऱ्हवाक देव नको. अशीच शिवी घालून तेणा माका भायर काढूक होया म्हाराजा!"

कुणीच होकार भरला नाही. सगळी माणसं स्वप्नीलकडे वळली होती. त्याला मालवणी येत नव्हती, पण लालबागेत पाऊल ठेवलेल्या माणसाला झील म्हणजे मुलगा, एवढं कळतंच. एकदा खाकरून, मान ताठ करून तो सासऱ्याच्या डोळ्याला डोळा देत, सकाळच्याच आवाजात ओरडला, "व्हय म्हाराजा!"